हाक कुणाच्या नावाने?

१८ जुलै २०२१ची ती मध्यरात्र होती. मुंबईवर रात्रभर पाऊस कोसळत होता. चेंबूर-माहुल पट्ट्यातल्या वाशीनाक्याजवळ, भारतनगर नावाच्या डोंगरउताराच्या वस्तीवर दरडीसह संरक्षक भिंत कोसळली. माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. एकोणीस जणांचा जीव गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पोचले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यांच्याच अधिकाऱ्याने नंतर पत्रकारांना सांगितले, की आम्ही येण्यापूर्वी स्थानिक लोकांनी दहा मृतदेह बाहेर काढले होते. म्हणजे अंधारात, पावसात, वरून आणखी माती येईल या भीतीत शेजारच्या घरांतली माणसे हातांनी ढिगारा उपसत होती. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता आणि त्याबद्दल त्यांना काही मिळणारही नव्हते.

आता याच माहुलची दुसरी गोष्ट. तानसा जलवाहिनीच्या काठावरच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवण्यात आल्या आणि २०१७पासून तिथल्या हजारो कुटुंबांना माहुलच्या बहात्तर इमारतींच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत पाठवण्यात आले. समोर तेलशुद्धीकरण कारखाने, आजूबाजूला रसायनांच्या टाक्या. माहुल, आंबापाडा भागातली हवा लोकांच्या आरोग्याला घातक आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५मध्येच म्हटले होते. म्हणजे धोका आधी नोंदला गेला आणि माणसे नंतर तिथे नेली गेली. खोकला, दमा, त्वचेचे विकार, क्षय अशा तक्रारी घेऊन ही माणसे वर्षानुवर्षे दारोदार फिरली. ऑक्टोबर २०१८पासून त्यांतली काही कुटुंबे विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसली. त्यांनी आपल्या आंदोलनाला नाव दिले ‘जीवन बचाव’. शहर त्यांच्या शेजारून रोज कामाला जात राहिले.

एका रात्रीत ढिगारा उपसायला धावणारे शहर आणि महिनोन्महिने पदपथाशेजारून जाणारे शहर एकच आहे. मग मदतीला धावतो तो कोण आणि निघून जातो तो कोण? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते. पहिला चांगला माणूस, दुसरा वाईट. ‘माणुसकी उरली नाही’ हे वाक्य आणि ‘मुंबईकरांच्या माणुसकीला सलाम’ हे वाक्य आपण एकाच वर्तमानपत्रात, कधी कधी एकाच पानावर वाचतो. मी मानसशास्त्राचा पंडित नाही. शब्दांशी खेळणारा माणूस आहे. पण या दोन वाक्यांच्या मधली वाट शोधायची तर थोडा इतिहास चाळावा लागतो आणि ज्यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवले त्यांचे ऐकावे लागते.

सुरुवात शब्दांपासूनच करू. ‘मदत’ हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इतका रुळला, की तो परका वाटतच नाही. पण तो येण्याआधी मराठी माणूस मदत करीत नव्हता काय? करीत होता, फक्त तिची नावे वेगळी होती. शेतकऱ्यांमध्ये ‘सावड’ होती. आज माझ्या शेतात तुझे बैल, उद्या तुझ्या शेतात माझे. इथे हिशेब चोख असतो. दुसरी रीत ‘इर्जिक’. एखाद्याचे काम अडले, की गावातली माणसे औते घेऊन त्याच्या शेतात उतरायची. मजुरी नाही, शेतमालकाने सगळ्यांना जेवू घालायचे. इथे हिशेब सैल झाला. आणि तिसरा शब्द ‘शेजारधर्म’. इथे हिशेबाची वहीच नाही. शेजारी आहे, एवढेच कारण पुरे.

गंमत अशी, की विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला, तेव्हा तेही याच पायऱ्यांवरून चढले. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने सांगितले, की जीव आपल्या रक्ताच्या नात्यासाठी झीज सोसतो, कारण नात्यात आपलाच अंश असतो. १९७१मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने पुढची पायरी मांडली : नाते नसले तरी परतफेडीची शक्यता असेल तर मदत टिकते. ही आपली सावडच. पण भारतनगरच्या ढिगाऱ्यातून मृतदेह काढणाऱ्यांना ना नाते होते, ना परतफेडीची आशा. मेलेला माणूस उपकार फेडत नाही. म्हणजे हिशेब बंद होतो तिथून खरा प्रश्न सुरू होतो.

आपल्या इतिहासात या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली ती प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतली लाखो माणसे शहर सोडून पळाली. जे उरले त्यांना सरकारी इस्पितळाची दहशत होती. तिथे गेलेला परत येत नाही, शिवाय जात बाटते, ही समजूत. मग काय झाले? एकेका समाजाने आपापल्या लोकांसाठी वेगवेगळी प्लेग इस्पितळे उघडली. हे काम लहान नव्हते. पैसा उभा राहिला, माणसे झिजली, जीव वाचले. पण त्या मदतीला कुंपण होते. आपला तो आपला.

त्याच साथीत, पुण्यात एका बाईने ते कुंपण ओलांडले. सावित्रीबाई फुले यांनी तेव्हा पासष्टी ओलांडली होती. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याकडच्या वस्तीतला प्लेग झालेला एक मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. त्या मुलाच्या सेवेत त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. सावित्रीबाईंनी त्या दिवशी अचानक काही वेगळे केले नव्हते. जवळजवळ पन्नास वर्षे त्या ‘आपला’ या शब्दाची हद्द रुंदावत होत्या. शाळेत, विहिरीवर, विधवांच्या बाळंतपणात. प्लेग आला तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो मुलगा परका उरलाच नव्हता.

‘आपला’ या शब्दाची हद्द कुठे पडते, हे मोजता येते का? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजले. त्यांनी मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे चाहते गोळा केले. आधी त्यांच्याकडून आपल्या संघावरच्या प्रेमाबद्दल लिहून घेतले. मग वाटेत एक माणूस त्यांच्यासमोर पडून विव्हळू लागला. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असेल तर बहुतेक जण थांबले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा किंवा साधा शर्ट असेल तर फारच थोडे. पुढच्या खेपेला एकच बदल केला. चाहत्यांकडून संघाऐवजी एकूण फुटबॉलप्रेमाबद्दल लिहून घेतले. आणि काय आश्चर्य! लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही तितकीच मदत मिळाली. साध्या शर्टवाला मात्र अजूनही उपाशीच राहिला. माणसे त्याच स्वभावाची, रस्ता तोच, विव्हळणेही तेच. बदलली होती फक्त मनातली एक रेघ.

हा अभ्यास प्रसिद्ध झाला ते साल २००५. मुंबईकराला ते साल दुसऱ्याच कारणाने आठवते. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल बंद, बस बंद, फोन बंद. राज्यात हजारावर माणसे दगावली. त्या रात्री काय काय झाले हे सांगायला नको. लोकांनी साखळ्या करून अनोळखी माणसांना गळाभर पाण्यातून नेले. झोपडपट्टीतल्या बायकांनी चहा-बिस्किटे घेऊन बसमध्ये अडकलेल्यांना गाठले. मशिदी, मंदिरे, शाळा, गुरुद्वारे उघडली गेली. परक्या बाईला घरात घेताना कुणी तिचे आडनाव विचारले नाही.

ज्या शहरात तेरा वर्षांपूर्वी आडनाव विचारूनच माणूस मारला जात होता, त्याच शहराची ही गोष्ट. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत ९०० माणसे मेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. मला हे आकडे शांतपणे वाचता येत नाहीत. कुणालाच येऊ नयेत. पण त्या दिवसांतही रेघ ओलांडणारे होते. आपल्या इमारतीखाली एका कुटुंबाला जमावाने घेरलेले पाहून सुनील गावसकर खाली धावले आणि जमावासमोर उभे राहिले, ही हकीकत त्यांच्या मुलाने नंतर जाहीरपणे सांगितली. गावसकरांचे नाव मोठे म्हणून ती गोष्ट आपल्यापर्यंत आली. चाळीचाळींतून ज्यांनी शेजाऱ्याला माळ्यावर लपवले, रात्रभर दारात बसून राहिले, त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत.

अशा माणसांचा अभ्यास करता येतो का? सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्याने तो केला. सॅम्युएल स्वतः नाझींच्या कत्तलीतून एका पोलिश शेतकरी बाईच्या मदतीने वाचलेले. ज्यांनी हिटलरच्या काळात यहुद्यांना लपवले अशा शेकडो माणसांशी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बोलणी केली आणि १९८८मध्ये ग्रंथ लिहिला. ही माणसे संत होती का? नव्हती. गरीब होती, श्रीमंत होती, देवभोळी होती, नास्तिक होती. त्यांच्या घरांतून लहानपणी ‘सगळ्यांशी नीट वागावे’ हा संस्कार मात्र अधिक आढळला. आणि या मुलाखतींतून एक साधी गोष्ट पुढे आली, जिच्यावर इतर अभ्यासकांनी पुढे बरेच लिहिले : वाचवणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिली मदत केली, कारण कुणीतरी त्यांना ती मागितली. दार ठोठावले गेले. समोर माणूस उभा राहिला. ‘घेता का आत?’ एवढाच प्रश्न. ज्यांना विचारले गेले त्यांतले बहुतेक ‘नाही’ म्हणू शकले नाहीत.

म्हणजे मदतीला हृदय लागते हे खरे. पण त्याआधी हाक लागते. आणि ती हाक आपल्या नावाने आली आहे, असे वाटावे लागते.

आता याची उलटी बाजू. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हिज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कुणी हललेही नाही, अशी बातमी वर्तमानपत्राने दिली. जगभर हळहळ झाली. महानगराने माणूस दगड केला, असे अग्रलेख निघाले. पुढे कळले, की बातमीत बरीच अतिशयोक्ती होती. बहुतेकांना काही दिसलेच नव्हते आणि एक शेजारीण तर धावत जाऊन किटीला मांडीवर घेऊन बसली होती. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने हे दोन तरुण मानसशास्त्रज्ञ कामाला लागले. १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज यायचा. ‘हे ऐकणारा मी एकटाच आहे’ असे ज्यांना वाटत होते त्यांतले ८५ टक्के त्याचा आवाज बंद पडण्याआधीच मदतीला उठले. ‘आणखी चौघे ऐकताहेत’ असे ज्यांना वाटत होते त्यांतले फक्त ३१ टक्के.

न उठलेले विद्यार्थी निर्दय होते का? प्रयोगानंतर त्यांना पाहिले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. ते काळजीत होते. पण ‘दुसरा कुणीतरी बघेल’ या वाक्यात अडकले होते. पाच जणांत हाक वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिचा पाचवा हिस्सा आला.

हे मुंबईच्या उपनगरातही घडले. २० ऑक्टोबर २०११च्या रात्री अंधेरीतल्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना कीनन सांतोस आणि रुबेन फर्नांडिस या दोघा तरुणांनी हटकले. टोळके परत आले आणि भर रस्त्यात त्यांना भोसकले. कीनन गेला, अकरा दिवसांनी रुबेनही गेला. आजूबाजूला माणसे होती. मित्रांनी मदतीसाठी आक्रोश केला, पण बघ्यांतून कुणी वेळेवर पुढे आले नाही, ही त्या दोन कुटुंबांची जखम. २०१६मध्ये चार जणांना जन्मठेप झाली. बघ्यांवर मात्र कुठला खटला चालत नाही.

तिथे भीती होती, हे मान्य करू. चाकूची भीती आणि पुढच्या पोलीसचौकशीची भीती. रस्त्यावर तडफडणाऱ्या माणसाला गाडीत घालायला आपण का कचरतो? ‘उगाच लफडे नको.’ या भीतीवर उपाय कायद्याचा असतो. अपघातग्रस्ताला इस्पितळात नेणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करू नये, अशा मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये शिक्कामोर्तब केले. २०१९च्या दुरुस्तीने मोटारवाहन कायद्यात तसे कलमच आले. हे अजून आपल्यातल्या अनेकांना माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात असायला हवे असे हे कलम आहे.

भीतीशिवाय आणखी एक शत्रू आहे आणि तो मुंबईकराच्या मनगटावर बांधलेला असतो. १९७३मध्ये डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होऊ घातलेले विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसरीत जाऊन भाषण द्यायचे होते. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली परोपकारी शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची. आणि वाटेत खरोखरच एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला ठेवला होता. ज्यांना सवड होती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झाला, पळा’ म्हणून पिटाळले होते त्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने ठळक फरक पडला नाही. मदतीवर प्रवचन द्यायला निघालेला माणूसही घाईत असला की मदत न करता पुढे जाऊ शकतो.

आता २६ जुलैकडे पुन्हा पाहा. त्या दिवशी मुंबईत नेमके काय बंद पडले होते? घाई बंद पडली होती! आठ सतराची लोकल नव्हती, मस्टर नव्हते. जाणार कुठे? सगळेच अडकलेले. आणि सगळेच भिजलेले असल्याने लँकेस्टरच्या प्रयोगातला शर्टही एकच झाला होता. त्याच महिन्यात, ७ जुलै २००५ला लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. त्यांतून वाचलेल्यांशी जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनी नंतर संवाद साधला. चेंगराचेंगरी आणि पळापळ यांच्यापेक्षा एकमेकांना आधार दिल्याच्याच आठवणी अधिक निघाल्या. संकट सर्वांवर एकत्र कोसळते, तेव्हा क्षणभर सगळे ‘आपले’ होतात. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माहीमला रुळांशेजारच्या झोपड्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना नेले. ज्यांच्या झोपड्यांना पहिल्या वर्गातला प्रवासी रोज नाक मुरडतो, त्यांची ती अंथरुणे होती.

मग महानगरातला माणूस दगड झाला, हे खोटेच म्हणायचे का? बऱ्याच अंशी हो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरची भांडणे सीसीटीव्हीच्या चित्रणात तपासली. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी तिऱ्हाईत मधे पडला होता. गर्दी जास्त, तर कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. लाताने-डार्लींच्या प्रयोगाचे ऐकून आपण गर्दीला जेवढे बदनाम केले तेवढी ती वाईट नाही. एकेका माणसाची हिंमत गर्दीत कमी होत असेल. पण एकाने पाऊल टाकले, की दुसरा आणि तिसरा येतो. म्हणून पहिल्या माणसाचे मोल फार मोठे.

इथवर आलो, की माहुलचा प्रश्न जास्त अवघड होतो. मुंबईत माणुसकी भरपूर आहे, हे सिद्ध झाले. मग ती विद्याविहारच्या पदपथापर्यंत का पोचली नाही?

पहिले कारण, तिथे काही कोसळले नाही. भिंत कोसळली की आवाज होतो. हवा बिघडते तेव्हा आवाज होत नाही. ८ ऑगस्ट २०१८ला माहुलच्या एका तेलशुद्धीकरण प्रकल्पात स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हा सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे तिकडे वळले. आग विझली, कॅमेरे परतले. वास तिथेच राहिला. फुप्फुसात रोज थोडे थोडे साचणारे संकट आपल्या मनाच्या घंटेला हात लावत नाही.

दुसरे कारण आकड्यांचे. २००७मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. लोकांना एका भुकेल्या मुलीचा फोटो आणि नाव दाखवून देणगी मागितली, तर हात सैल सुटले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली, तर निम्म्याहून कमी पैसे मिळाले. हजारो कुटुंबे म्हटले की डोळ्यांसमोर कुणाचाच चेहरा येत नाही. माहुल हा आपल्यासाठी आकडा राहिला.

आणि तिसरे कारण म्हणजे त्या खोल्यांतल्या विद्यार्थ्यांचे वाक्य : दुसरा कुणीतरी बघेल. महापालिका म्हणते राज्य सरकार बघेल, सरकार म्हणते महापालिका बघेल, कारखाने म्हणतात नियम पाळतो, नागरिक म्हणतो कोर्टात आहे ना प्रकरण! इथे गर्दी माणसांची नाही, संस्थांची आहे. पण हाक वाटली जाते ती तशीच.

‘मुंबई स्पिरिट’ या शब्दाची मला म्हणूनच धास्ती वाटते. २००५नंतर चितळे समितीने नाले, मिठी नदी, बांधकामे यांवर तपशीलवार अहवाल दिला. तो वाचायचा सोडून आपण एकमेकांच्या चहा-बिस्किटांचे कौतुक करीत बसलो. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर व्यवस्थेने आपली उधारी मांडावी, हा काही शेजारधर्म नाही.

तरीही माहुलची हाक पूर्ण वाया गेली नाही. पदपथावर बसणाऱ्या बायकांनी शहराला एकूण हाक मारणे सोडले आणि नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली. अमुक अधिकारी, अमुक मंत्री, अमुक न्यायालय. घर बचाओ घर बनाओ आंदोलनाचे कार्यकर्ते सोबत आले. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना माहुलमध्ये राहायला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेतली आणि दुसरीकडे भाड्याने राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये आणि ४५ हजारांची अनामत द्यावी, असा आदेश दिला. अंमलबजावणीसाठी पुन्हा झगडावे लागले. ऑगस्ट २०२०मध्ये हरित लवादाने माहुल-आंबापाडा भागातल्या प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना एकूण सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली. मुळात ती तक्रार नेली होती गावातल्या कोळी समाजातल्या माणसांनी. १९५४-५५मध्ये तिथे कारखाने उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून या खाडीत ज्यांची जाळी पडत होती त्यांनी.

त्याच २०२० सालची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती हिशेबाच्या सगळ्या वह्या मिटवते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मृतदेहाजवळ जायला रक्ताची माणसे धजत नव्हती. काही नातेवाईक विलगीकरणात, काही दूर गावी, काही भीतीने गोठलेले. तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाशी संबंधित काही मुस्लिम स्वयंसेवक पुढे आले. सुरुवात आपल्या समाजाच्या मयतांपासून झाली. मग इस्पितळांतून, पोलिसांकडून फोन येऊ लागले, की इथे एक हिंदू मृतदेह आहे, कुणी नाही. ते गेले आणि त्यांनी चितेपर्यंत नेऊन त्या त्या रीतीने अंत्यसंस्कार केले. अशी शेकडो माणसे त्यांनी मार्गस्थ केली. मातीला खांदा देणे हे आमच्याकडे शेजाऱ्याचे शेवटचे देणे मानतात. ते तुमच्याकडेही तसेच मानतात. इथेही क्रम पाहा. आधी आपल्यांपासून सुरुवात, मग कुणीतरी फोन केला, नाव घेऊन विचारले, आणि रेघ पुढे सरकली.

फारसीत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. एकाच सावलीत राहणारा. मुंबईसारख्या शहरात कोण कुणाच्या सावलीत राहतो, हे रोज दिसत नाही. माझ्या गाडीत भरलेले पेट्रोल, माझ्या गॅसच्या शेगडीची निळी ज्योत ज्या धुराड्यांखालून येते, त्यांची सावली कुणावर पडते? तो माझा शेजारी नव्हे काय? अंतर दहा-वीस किलोमीटरचे असेल. सावली एकच आहे.

तेव्हा ‘लोक मदत का करतात?’ या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे आहे. चांगली माणसे करतात आणि वाईट करीत नाहीत, हे उत्तर सोपे पण चुकीचे. ज्याला हाक ऐकू येते, ती आपल्या नावाची वाटते, जो घाईत नसतो, ज्याला पुढच्या जाचाची भीती नसते आणि ज्याच्या मनात ‘आपला’ या शब्दाची हद्द थोडी रुंद असते, तो मदत करतो. यातली एकही गोष्ट जन्मजात नाही. सगळ्या शिकता येतात, शिकवता येतात. संकटात सापडलात तर ‘वाचवा’ असे आकाशाकडे ओरडू नका. ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा’ असे म्हणा. बघ्यांमध्ये असाल तर पहिले पाऊल टाका. दुसरे आपोआप येते. आणि एखादी बातमी रोज तीच तीच येऊ लागली, की समजा, तिथे एक भिंत फार हळू कोसळते आहे. अशा वेळी चहा-बिस्किटे उपयोगाची नसतात. तिथे सही लागते, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागतो, नगरसेवकाला नाव घेऊन विचारलेला प्रश्न लागतो, आणि महिनोन्महिने टिकणारी चिकाटी लागते.

भारतनगरची माणसे त्या रात्री कुणाची वाट पाहत थांबली नाहीत. आवाज त्यांच्या दारात झाला होता. ज्यांच्या दारात आवाज होत नाही, त्यांच्यापर्यंत जाणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)